‘चॅरिटी’ ते ‘कम्युनिटी’ : इंग्लंडमधील फुटबॉल शील्डचा इतिहास (१८९८ ते २०२५)

प्रस्तावना

‘सुपर कप’ हे नाव महाराष्ट्र व गोव्यातील क्रीडारसिकांना अपरिचित नाही. एफसी गोवा या संघाने २०१९ व २०२५ मध्ये भारतीय सुपर कप जिंकला, तेव्हा त्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांतूनही आल्या. परंतु २०१८ पासून भारतात या नावाने खेळली जाणारी स्पर्धा ही अनेक संघांची बाद पद्धतीची स्पर्धा आहे. ‘सुपर कप’ या संकल्पनेचा मूळ अर्थ यापेक्षा मर्यादित आहे. देशाच्या साखळी स्पर्धेचा विजेता आणि त्याच देशाच्या चषक स्पर्धेचा विजेता यांच्यात वर्षातून एकदा होणारा एकच सामना, असा तो अर्थ होय. युरोपातील बहुतेक देशांत असा सामना होतो आणि त्यांपैकी सर्वांत जुन्या परंपरेचा सामना इंग्लंडमधील आहे. १९०८ ते २००१ या काळात त्याचे नाव ‘एफ. ए. चॅरिटी शील्ड’ असे होते; २००२ पासून तो ‘एफ. ए. कम्युनिटी शील्ड’ या नावाने ओळखला जातो.

नावातील हा बदल वरवर पाहता किरकोळ वाटतो. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला, एवढेच. प्रत्यक्षात मात्र या एका शब्दात इंग्लंडमधील वर्गसंबंध, हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंमधील वाद, आणि खेळातून निर्माण होणाऱ्या पैशावर हक्क कोणाचा हा प्रश्न, असे तीन धागे गुंतलेले आहेत. शील्डच्या विजेत्यांची यादी कोणत्याही क्रीडाकोशात मिळते. ‘चॅरिटी’ या शब्दाने त्या त्या काळात कोणते काम केले, हे मात्र त्या यादीवरून कळत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी : हौशी आणि व्यावसायिक

इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशन (एफ. ए.) या संस्थेची स्थापना १८६३ मध्ये लंडन येथे झाली. तिच्या आरंभीच्या सूत्रधारांत पब्लिक स्कूल व विद्यापीठांतून शिकलेल्या वरच्या व मध्यम वर्गातील तरुणांचा भरणा होता. खेळासाठी पैसे घेणे त्यांना कमीपणाचे वाटे. उत्तरेकडील लँकेशायरच्या गिरणगावांत मात्र परिस्थिती वेगळी होती. तेथील कामगार खेळाडूला सामन्यासाठी खाडा करावा लागे व त्या दिवसाची मजुरी बुडत असे. त्यामुळे ती भरून द्यावी ही मागणी स्वाभाविकच होती. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारबहुल संघाने ओल्ड इटोनियन्स या उच्चवर्गीय संघाला एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात हरवले. पुढे दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, संस्थेला व्यावसायिकतेस अधिकृत मान्यता द्यावी लागली. १८८८ मध्ये फुटबॉल लीग ही साखळी स्पर्धा सुरू झाली आणि खेळाचे केंद्र दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकले.

हौशी परंपरेचा अभिमान बाळगणारा सर्वांत प्रसिद्ध संघ म्हणजे १८८२ मध्ये एन. एल. जॅक्सन यांनी स्थापन केलेला कॉरिंथियन. या संघाच्या घटनेतच कोणत्याही चषकासाठी अथवा बक्षिसासाठी खेळू नये, असा नियम होता. पंचाने दिलेली पेनल्टी हे खेळाडू मुद्दाम बाहेर मारत असत, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. सद्गृहस्थ जाणूनबुजून नियम मोडणार नाही, हे त्यामागील गृहीतक. आख्यायिका खरी असो वा नसो, ती रचणाऱ्यांची स्वतःविषयीची कल्पना तीतून पुरेशी स्पष्ट होते. (रोजंदारीवर जगणाऱ्या खेळाडूला असे औदार्य परवडले असते का, हा प्रश्न त्या आख्यायिकेत कोठेच उपस्थित होत नाही.)

लंडनच्या शेरीफची ढाल

अशा परिस्थितीत देशातील सर्वोत्तम हौशी संघ आणि सर्वोत्तम व्यावसायिक संघ समोरासमोर यावेत कसे, ही अडचण होती. ती सोडवली थॉमस ड्यूअर यांनी. व्हिस्कीच्या व्यवसायातील हे धनाढ्य गृहस्थ त्या वेळी लंडनचे शेरीफ होते. त्यांनी एक ढाल देऊ केली आणि सामन्याचे उत्पन्न रुग्णालये व अन्य धर्मादाय कार्यांना द्यावे, असे ठरले. ही ढाल सहा फुटांहून उंच होती. ‘शेरीफ ऑफ लंडन चॅरिटी शील्ड’ या नावाने पहिला सामना मार्च १८९८ मध्ये क्रिस्टल पॅलेस येथे कॉरिंथियन आणि शेफील्ड युनायटेड यांच्यात झाला. फेरसामन्यानंतरही निर्णय न लागल्याने ढाल दोन्ही संघांत विभागून देण्यात आली.

बक्षिसासाठी न खेळण्याचा नियम असलेला कॉरिंथियन संघ या सामन्यात उतरला, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. सामना धर्मादाय कार्यासाठी असल्यामुळे त्याला अपवाद मानण्यात आले. म्हणजे ‘चॅरिटी’ या शब्दाचे पहिले ऐतिहासिक कार्य रुग्णालयांना निधी मिळवून देणे एवढेच नव्हते. एरवी एका पंक्तीला न बसणाऱ्या दोन वर्गांना एका मैदानावर आणण्याची सोयही त्याने करून दिली. दान हे येथे एक प्रकारचे प्रायश्चित्त होते. पुढे १९०४ मध्ये कॉरिंथियनने बरी या संघाचा १०–३ असा पराभव केला. याच बरीने आदल्या वर्षी एफ. ए. चषकाचा अंतिम सामना ६–० असा जिंकला होता. हौशी संघ केवळ शोभेचे नव्हते, हे या निकालावरून दिसते.

ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. व्यावसायिक क्लबांना जिल्हा संघटनांनी सामावून घ्यावे, असा आग्रह एफ. ए.ने धरला. त्यावरून वाद विकोपाला गेला आणि १९०७ मध्ये हौशी क्लबांनी बाहेर पडून ‘अमॅच्युअर फुटबॉल असोसिएशन’ ही स्वतंत्र संघटना काढली. कॉरिंथियनही तिच्यात गेला. ही फूट १९१४ पर्यंत मिटली नाही. शेरीफच्या ढालीसाठी आता हौशी प्रतिस्पर्धीच उरला नाही. एफ. ए. चॅरिटी शील्डचा जन्म या फुटीतून झाला.

एफ. ए. चॅरिटी शील्डचा आरंभ (१९०८–१९१३)

नव्या शील्डचा पहिला सामना २७ एप्रिल १९०८ रोजी लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर झाला. फुटबॉल लीगचा विजेता मँचेस्टर युनायटेड आणि दक्षिणेकडील सदर्न लीगचा विजेता क्वीन्स पार्क रेंजर्स हे प्रतिस्पर्धी होते. सामना १–१ असा बरोबरीत सुटला. २९ ऑगस्ट रोजी झालेल्या फेरसामन्यात युनायटेडने ४–० असा विजय मिळवला. त्यात जिमी टर्नबुल याचे तीन गोल होते. येथे दोन्ही संघ व्यावसायिक होते. हौशी विरुद्ध व्यावसायिक या विभागणीची जागा उत्तर विरुद्ध दक्षिण या विभागणीने घेतली.

पहिल्या सामन्यात युनायटेडकडून गोल करणारा बिली मेरेडिथ हा त्या काळातील सर्वांत लोकप्रिय खेळाडूंपैकी एक. त्याच्या पुढाकाराने आदल्याच वर्षी, डिसेंबर १९०७ मध्ये, मँचेस्टर येथे खेळाडूंची कामगार संघटना स्थापन झाली होती. १९०१ पासून इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूच्या वेतनावर आठवड्याला ४ पौंड अशी कमाल मर्यादा होती. खेळाडू कितीही गुणी असो, मैदानावर कितीही गर्दी जमो, कराराप्रमाणे यापेक्षा अधिक वेतन देता येत नसे. १९०९ मध्ये एफ. ए.ने या संघटनेची मान्यता काढून घेतली. त्यावरून संपाची वेळ आली व मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू त्यात आघाडीवर होते. दानासाठी खेळवल्या जाणाऱ्या सामन्यात घाम गाळणाऱ्यांच्या स्वतःच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न असा अनुत्तरित राहिला. शील्डचा गौरवपर इतिहास लिहिणाऱ्यांनी या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून क्वचितच पाहिल्या आहेत. कमाल वेतनाची पद्धत शेवटी १९६१ मध्ये रद्द झाली.

आरंभीच्या सामन्यांपैकी १९११ चा सामना विशेष गाजला. मँचेस्टर युनायटेडने स्विंडन टाऊनचा ८–४ असा पराभव केला आणि हॅरोल्ड हाल्स याने एकट्याने ६ गोल केले. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज बुडाले. त्या दुर्घटनेतून वाचलेल्यांच्या साहाय्यासाठी या सामन्याच्या उत्पन्नातील काही भाग देण्यात आला. १९१३ मध्ये हौशी विरुद्ध व्यावसायिक असे दोन निवडक संघ खेळवण्यात आले व व्यावसायिकांनी ७–२ असा विजय मिळवला. पुढील वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि शील्डमध्ये खंड पडला.

निश्चित स्वरूपाचा शोध (१९२०–१९५९)

पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात या सामन्याला ठरावीक स्वरूप असे नव्हतेच. १९२१ मध्ये चषकविजेता टॉटनहॅम हॉटस्पर आणि साखळीविजेता बर्नली यांच्यात सामना झाला. आज ज्याला ‘सुपर कप’ म्हणतात, त्या प्रकारचा शील्डमधील हा पहिला सामना होय. तो टॉटनहॅमने २–० असा जिंकला. परंतु ही कल्पना लगेच रुजली नाही. १९२३ ते १९२६ आणि पुन्हा १९२९ मध्ये हौशी विरुद्ध व्यावसायिक हाच जुना प्रकार वापरला गेला. १९२५ मध्ये हौशींनी ६–१ आणि १९२६ मध्ये ६–३ असे विजय मिळवले. १९२७ मध्ये चषकविजेत्या कार्डिफ सिटीने कॉरिंथियनला २–१ असे हरवले. १९३० मध्ये आर्सेनल आणि शेफील्ड वेन्सडे यांच्यात चषकविजेता विरुद्ध साखळीविजेता असा सामना झाला आणि तेव्हापासून काही अपवाद वगळता तोच प्रघात पडला.

अपवाद मात्र बोलके आहेत. १९५० मध्ये इंग्लंडचा विश्वचषक संघ आणि त्याच उन्हाळ्यात कॅनडाचा दौरा केलेला एफ. ए.चा संघ यांच्यात सामना झाला. विश्वचषकात अमेरिकेकडून ०–१ असा अनपेक्षित पराभव पत्करून आलेल्या संघाने हा सामना ४–२ असा जिंकला. पण त्या विजयाने झालेली नामुष्की भरून निघाली असे म्हणता येत नाही. १९६१ मध्ये साखळी आणि चषक दोन्ही टॉटनहॅमनेच जिंकल्याने त्यांच्यासमोर एफ. ए.चा निवडक संघ उभा करण्यात आला.

सामन्याची वेळही बराच काळ निश्चित नव्हती. कधी हंगामाच्या शेवटी, तर कधी शरद ऋतूत आठवड्याच्या मधल्या दिवशी तो उरकला जाई. १९५९ पासून तो ऑगस्टमध्ये, हंगामाच्या तोंडावर खेळवला जाऊ लागला. १९४९ ते १९९१ या काळात बरोबरी झाल्यास विजेतेपद विभागून देण्याची पद्धत होती व ११ वेळा तसे झाले. प्रत्येक संघाने सहा सहा महिने ढाल आपल्याकडे ठेवावी, असा संकेत होता. ज्या सामन्यात निकाल लागलाच पाहिजे असा कोणाचा हट्ट नाही, त्याला ‘स्पर्धा’ म्हणावे का, अशी शंका तेव्हाही घेतली जात असे. शील्डची दुखरी बाजू नेमकी हीच होती. साखळीतील ४२ सामने आणि चषकाच्या एकामागून एक फेऱ्या यांच्या तुलनेत एका सामन्यातील विजयाला वजन ते कितीसे असणार? त्याला जी प्रतिष्ठा होती, ती क्रीडामूल्याची नव्हती. ती त्याच्या नावातील ‘चॅरिटी’ या शब्दाची होती.

उतरती कळा आणि वेम्बली (१९७१–१९७४)

केवळ नावाच्या पुण्याईवर सामना चालत नाही, हे १९७० नंतर स्पष्ट झाले. १९७१ मध्ये साखळी व चषक दोन्ही जिंकणारा आर्सेनल पूर्वनियोजित सामन्यांमुळे उपलब्ध नव्हता. त्याच्या जागी दुसऱ्या श्रेणीचा विजेता लेस्टर सिटी खेळला आणि त्याने लिव्हरपूलला १–० असे हरवले. १९७२ मध्ये साखळीविजेता डर्बी काउंटी आणि चषकविजेता लीड्स युनायटेड या दोघांनीही खेळण्यास नकार दिला. मग मँचेस्टर सिटी आणि तिसऱ्या श्रेणीचा विजेता ॲस्टन व्हिला यांच्यात सामना लावण्यात आला. १९७३ मध्येही हाच प्रकार झाला. दुसऱ्या श्रेणीचा विजेता बर्नली मँचेस्टर सिटीला १–० असे हरवून शील्डचा मानकरी ठरला. ज्यांचा सन्मान करावयाचा त्यांनाच तो नकोसा झाला होता.

या अवस्थेतून मार्ग काढला एफ. ए.चे सचिव टेड क्रोकर यांनी. साखळीविजेता आणि चषकविजेता यांच्यातील सामना दरवर्षी हंगामाचा सलामीचा सामना म्हणून वेम्बली स्टेडियमवर घ्यावा, ही योजना त्यांची. त्यानुसार १० ऑगस्ट १९७४ रोजी लिव्हरपूल व लीड्स युनायटेड समोरासमोर आले. दोन्ही संघांत नुकताच खांदेपालट झाला होता. निवृत्ती जाहीर केलेल्या बिल शँकली यांनी लिव्हरपूलच्या संघाला शेवटचे मैदानावर आणले, तर लीड्सची सूत्रे ब्रायन क्लफ यांनी हाती घेतली होती. ती त्यांच्याकडे अवघे ४४ दिवस राहिली. उत्तरार्धात लिव्हरपूलचा केविन कीगन आणि लीड्सचा कर्णधार बिली ब्रेम्नर यांच्यात हातघाई झाली. पंचांनी दोघांनाही बाहेर काढले आणि जाताना दोघांनीही अंगातील जर्सी काढून फेकल्या. दोघांना प्रत्येकी ५०० पौंड दंड व दीर्घ बंदी अशी शिक्षा झाली. सामना १–१ असा बरोबरीत सुटल्यावर पेनल्टीवर लिव्हरपूलने ६–५ अशी बाजी मारली. लीड्सच्या गोलरक्षकाने मारलेला फटका वाया गेला आणि इयान कॅलघन याने निर्णायक गोल केला.

परोपकारासाठी योजलेल्या सामन्यात असे वर्तन झाले, याची वृत्तपत्रांनी कठोर शब्दांत दखल घेतली. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९७२ मध्ये जो सामना कोणालाच खेळायचा नव्हता, तो दोनच वर्षांनी खेळाडूंनी एकमेकांवर धावून जावे इतका महत्त्वाचा झाला होता.

याच १९७४ सालाला आणखी एक महत्त्व आहे. हौशी व व्यावसायिक हा अधिकृत भेद एफ. ए.ने याच वर्षी रद्द केला आणि १८९३ पासून चालत आलेल्या अमॅच्युअर चषकाचा अखेरचा अंतिम सामनाही याच वर्षी झाला. ज्या विभागणीमुळे ‘चॅरिटी’ या शब्दाची गरज भासली होती, ती विभागणी संपली त्याच वर्षी शील्ड वेम्बलीवरील मोठ्या गर्दीचा, प्रक्षेपणाचा आणि पुढे प्रायोजकांचा सामना बनू लागला. हा योगायोग असू शकेल. तथापि, शील्डच्या इतिहासाचे दोन कालखंड पाडावयाचे झाल्यास विभाजक रेषा १९३० ऐवजी येथे ओढणे अधिक सयुक्तिक ठरते.

नामांतर : २००२

१९९३ पासून विजेतेपद विभागून देण्याची पद्धत कायमची बंद झाली व बरोबरी झाल्यास पेनल्टीवर निकाल लावण्याचे ठरले. प्रीमियर लीगच्या स्थापनेनंतर (१९९२) इंग्लिश फुटबॉलमधील पैशाचा ओघ अनेक पटींनी वाढला. शील्डच्या नावाला प्रायोजक कंपन्यांची नावे जोडली गेली. जुने वेम्बली २००० मध्ये बंद झाल्याने २००१ ते २००६ या काळात हा सामना वेल्समधील कार्डिफ येथे झाला. लिव्हरपूलने २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडला २–१ असे हरवले, तो ‘चॅरिटी शील्ड’ या नावाचा शेवटचा सामना ठरला.

नाव बदलण्याचे कारण भावनिक नव्हते, कायदेशीर होते. इंग्लंड व वेल्समधील धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणारी ‘चॅरिटी कमिशन’ ही वैधानिक यंत्रणा आहे. आपल्याकडील धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी तिचे काहीसे साम्य आहे. प्रेक्षक तिकिटासाठी जे पैसे देतो त्यांतील नेमका किती भाग धर्मादाय कार्याला जातो हे एफ. ए.ने स्पष्ट केले नाही, तसेच संबंधित संस्थांना रक्कम देण्यास विलंब केला, असे दोन आक्षेप या यंत्रणेने नोंदवले. कायद्याने घातलेल्या जबाबदाऱ्या पाळल्या गेल्या नव्हत्या. त्यानंतर २००२ मध्ये ‘चॅरिटी’ हा शब्द नावातून गेला आणि ‘कम्युनिटी’ हा शब्द आला. नव्या नावाचा पहिला सामना आर्सेनलने लिव्हरपूलविरुद्ध १–० असा जिंकला.

१८९८ मध्ये ‘चॅरिटी’ या शब्दाचा हिशेब कोणी मागितला नव्हता. तो शब्द उच्चारणाऱ्यांची सामाजिक प्रतिष्ठा हाच पुरावा मानला जाई. एका शतकानंतर तोच शब्द कायद्याच्या कक्षेत आला होता आणि तिकिटावर तो छापणाऱ्याला पैशाचा तपशील देणे भाग होते. ‘कम्युनिटी’ या शब्दाला असा कायदेशीर भार नाही. म्हणून तो सोयीचा. नामांतराकडे अधिक व्यापक नावाचा स्वीकार म्हणून पाहण्यापेक्षा जबाबदारीचे नाव टाळणे म्हणून पाहणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे.

अर्थात दान थांबले असा याचा अर्थ नव्हे. प्रवेशशुल्क व सामनापत्रिकेच्या विक्रीतून येणाऱ्या उत्पन्नाचा भाग एफ. ए. चषकाच्या पहिल्या फेरीपासून पुढे खेळणाऱ्या १२४ क्लबांना दिला जातो आणि ते आपल्या परिसरातील संस्थांना तो पोहोचवतात. उर्वरित रक्कम एफ. ए.शी संलग्न धर्मादाय संस्थांना मिळते. जून २०१७ मध्ये लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला भीषण आग लागली. त्या वर्षीच्या आर्सेनल–चेल्सी सामन्याचे उत्पन्न आपद्ग्रस्तांसाठी देण्यात आले. टायटॅनिकनंतर शंभरहून अधिक वर्षांनी हा सामना पुन्हा एका मोठ्या दुर्घटनेतील पीडितांच्या उपयोगी पडला, आणि तेही नावात ‘चॅरिटी’ नसताना.

अन्य देशांतील प्रवाह

इटलीचा सुपर कप १९९३ मध्ये वॉशिंग्टन येथे व २००२ मध्ये त्रिपोली येथे झाला. जानेवारी २०१९ मध्ये तो सौदी अरेबियातील जेद्दा येथे खेळवण्यात आला, तेव्हा पत्रकार जमाल खशोगी यांच्या हत्येला जेमतेम तीन महिने झाले होते आणि स्त्रियांना स्टेडियमच्या ठरावीक भागांतच बसता येणार असल्याने इटलीत टीकेची झोड उठली. स्पेनचा सुपर कप २०२० मध्ये सौदी अरेबियात गेला व त्याच वेळी दोनऐवजी चार संघांचा झाला. इटलीनेही जानेवारी २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. फ्रान्सचा सामना २००९ पासून अनेकदा परदेशी शहरांत झाला आहे. सामना विकणे हेच या स्थलांतरांचे कारण असल्याचे आयोजकांनी फारसे लपवलेले नाही.

इंग्लंडची शील्ड मात्र कार्डिफचा काळ वगळता इंग्लंडबाहेर गेलेली नाही. वेम्बली उपलब्ध नसताना ती २०१२ मध्ये बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर व २०२२ मध्ये लेस्टर येथे खेळली गेली. एफ. ए.च्या सद्भावनेचा भाग त्यात असेलही; परंतु सामन्याचे उत्पन्न देशभरातील १२४ क्लबांमार्फत स्थानिक संस्थांना वाटण्याची जी रीत पडली आहे, ती परदेशी नेलेल्या सामन्याशी सहज जुळणारी नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे सामना प्रेक्षकांविना झाला आणि प्रवेशशुल्काचा प्रश्नच उरला नाही. त्याच दिवशी, त्याच वेम्बलीवर, २००८ नंतर बंद पडलेला महिलांचा कम्युनिटी शील्ड सामनाही पुन्हा सुरू झाला.

मँचेस्टर युनायटेडच्या नावावर सर्वाधिक २१ विजेतेपदे आहेत; त्यांपैकी ४ विभागून मिळालेली. १० ऑगस्ट २०२५ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस संघाने लिव्हरपूलला २–२ अशा बरोबरीनंतर पेनल्टीवर ३–२ असे हरवून प्रथमच शील्ड जिंकली. १८९८ मध्ये शेरीफची सहा फुटी ढाल ज्या मैदानावर पहिल्यांदा ठेवली गेली, त्याच परिसराचे नाव हा संघ धारण करतो.